बिनमंत्रालयाचा क्लब : तिरानाच्या फुटबॉलची शंभर वर्षे

मधली_फळी

अल्बानियातील फुटबॉल विजेत्यांची यादी वाचताना १९४७ ते १९६४ हा पट्टा डोळ्यांत खुपतो. या काळातील एकूण एक राष्ट्रीय विजेतेपदे दोनच क्लबांकडे गेली. पहिला पार्टिझानी, जो सैन्याचा होता. दुसरा दिनामो, जो गृहखात्याचा, म्हणजे पोलिसांचा आणि ‘सिगुरिमी’ या गुप्त पोलीस यंत्रणेचा होता. दोन्ही राजधानी तिरानातले. त्याच शहरात या दोघांहून पंचवीस-तीस वर्षांनी थोरला असलेला तिसरा एक क्लब होता. महायुद्धापूर्वी झालेल्या सात राष्ट्रीय स्पर्धांपैकी सहा त्याने जिंकल्या होत्या, आणि तरीही १९३७ नंतरचे पुढचे विजेतेपद मिळवायला त्याला १९६५ उजाडावे लागले. आज केएफ तिराना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या क्लबाविषयी हा धागा आहे. अर्मांदो सादिकू एफसी गोवाच्या संघात आल्यापासून अल्बानियाच्या फुटबॉलविषयी इथे सुटे सुटे प्रश्न येत राहिले. त्यांना सुटी उत्तरे देत बसण्यापेक्षा एका क्लबाचा इतिहास नीट मांडला, तर त्या देशाचाही बराच इतिहास हाती लागेल, असे मला वाटते.

अल्बानियात फुटबॉल आला तो उत्तरेकडील श्कोदर शहरात, कॅथलिक धर्मगुरूंच्या शाळेतून. तिथे पालोक निका नावाच्या तरुणाने ‘इंडिपेंडेंसा’ हा संघ उभा केला आणि १९१३ साली, शहरात महासत्तांच्या फौजा तळ देऊन असताना, या संघाने परकीय सैनिकांशी सामना खेळला. देशातील पहिला म्हणून ज्याची नोंद होते तो हाच सामना. पुढे निका तिरानाला आला आणि ऑगस्ट १९२० मध्ये त्याच्या पुढाकाराने तिथे ‘आगिमी’ ही क्रीडासंस्था स्थापन झाली. तिराना त्याच वर्षी राजधानी झाली होती आणि तेव्हा ती एखाद्या बाजारगावाहून फारशी मोठी नव्हती. ‘शाल्वारे’ या मोकळ्या माळावर ही मंडळी खेळत. आज त्याच नावाने ओळखली जाणारी निवासी वस्ती तिथे उभी आहे. १९२७ साली आगिमीचे नाव ‘स्पोर्टक्लब तिराना’ झाले.

जून १९३० मध्ये राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. अंतिम लढत दक्षिणेतील कोर्चा शहराच्या स्कंदरबेऊ संघाशी होती. पण महासंघाशी वाद झाल्याने तो संघ मैदानात उतरलाच नाही आणि तिरानाला पुढे चाल मिळाली. या क्लबाचे पहिले विजेतेपद न खेळता आलेले आहे, हे त्याचे पाठीराखे सहसा आपणहून सांगत नाहीत. मात्र पुढच्या वर्षांत त्यांनी ते खेळूनही सिद्ध केले. १९३१, १९३२, १९३४, १९३६ आणि १९३७ ही वर्षे त्यांची. १९३३ चे स्कंदरबेऊचे. १९३५ साली स्पर्धाच झाली नाही. या संघातून पुढे आलेल्या नाइम क्रियेझिऊ आणि रिझा लुश्ता या दोघांनी इटलीत नाव काढले. क्रियेझिऊ रोमा क्लबाच्या १९४२ च्या पहिल्यावहिल्या इटालियन विजेतेपदात होता, तर लुश्ता युव्हेंटसकडून खेळला.

नोव्हेंबर १९४४ मध्ये कम्युनिस्ट सैनिकांनी तिराना जिंकून घेतले, आणि लवकरच क्लबाला त्या विजयाच्या तारखेचे नाव देण्यात आले : ‘१७ नंतोरी’, म्हणजे १७ नोव्हेंबर. मधली काही वर्षे तर तेही नाव गेले, कारण १९५० च्या दशकात कामगार संघटनांच्या छत्राखाली असलेल्या सगळ्या शहरी क्लबांना ‘पुना’ हे एकच नाव देऊन पुढे फक्त गावाचे नाव जोडण्याचा प्रकार झाला. एव्हाना १९४६ साली पार्टिझानी आणि १९५० साली दिनामो स्थापन झाले होते. या दोघांच्या हाती एक साधन असे होते की त्यापुढे कोणत्याही प्रशिक्षकाची हुशारी चालत नव्हती. प्रत्येक तरुणाला सक्तीची लष्करी सेवा होती, आणि चांगला खेळाडू ती सेवा कुठे व कशी बजावणार हे वरचे अधिकारी ठरवत. अल्बानियाचा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू मानला जाणारा पानायोत पानो १७ नंतोरीत खेळत होता. १९६० साली तो पार्टिझानीत गेला आणि पंधरा वर्षे तिथेच राहिला.

या पार्श्वभूमीवर १९६५ आणि १९६६ ची सलग दोन विजेतेपदे मला या क्लबाच्या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटतात. नंतरच्या काळात तिरानाने यापेक्षा सहज आणि यापेक्षा जास्त जिंकले, पण तेव्हा समोरच्या बाकावर सैन्य किंवा पोलीस खाते बसलेले नव्हते.

मडगावकर

लेख आवडला. सादिकूचे नाव निघाले आहे म्हणून विचारतो : तो या क्लबातून वर आला का? आमच्या फातोर्ड्याच्या मैदानावर त्याला पाहणाऱ्या पुष्कळांना तो फक्त युरो २०१६ मध्ये रोमानियाविरुद्ध अल्बानियाचा एकमेव गोल करणारा म्हणून ठाऊक होता. दुसरे असे की, देशाच्या सीमा बंद असताना हे क्लब युरोपात खेळायला जात होते का, आणि जात असल्यास तिथे त्यांची कामगिरी कशी होती?

मधली_फळी

मडगावकर, सादिकूचा तिरानाशी संबंध नाही. तो एल्बासान परिसरातल्या चेरिक या लहान गावच्या क्लबातून पुढे आला आणि तरुण वयातच स्वित्झर्लंडला गेला.

युरोपविषयी मात्र सांगण्यासारखे पुष्कळ आहे. १७ नंतोरी जात असे, पण दर वर्षी नव्हे. १९६५ साली युरोपीय चषकात त्यांची गाठ स्कॉटलंडच्या किल्मार्नोकशी पडली. तिरानातील सामना गोलशून्य राहिला आणि परतीचा सामना त्यांनी एका गोलाने गमावला. सप्टेंबर १९७० मध्ये आयाक्स तिरानाला आला आणि २-२ अशी बरोबरी पत्करून परतला. अॅमस्टरडॅमला १७ नंतोरी ०-२ हरले. त्याच मोसमाअखेर आयाक्सने वेम्बलीवर पहिला युरोपीय चषक उचलला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बरोबरीचे वजन कळते. तिरानातल्या जुन्या प्रेक्षकांच्या तोंडी हा सामना अजून असतो.

१९८२ चा प्रसंग वेगळ्या कारणाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पहिल्या फेरीत उत्तर आयर्लंडच्या लिनफिल्डशी लढत होती. १७ नंतोरीने घरी १-० असा विजय मिळवला, बेलफास्टला ते १-२ हरले, आणि एकूण बरोबरी झाल्यास परक्या मैदानावर केलेले गोल निर्णायक धरण्याच्या नियमाने ते पुढे गेले. दुसऱ्या फेरीच्या सोडतीत नाव निघाले डायनॅमो कीव्हचे. अल्बानियाने १९६१ मध्येच सोव्हिएत संघाशी संबंध तोडलेले होते. सोव्हिएत क्लब तिरानाच्या विमानतळावर उतरणे किंवा आपल्या खेळाडूंनी कीव्हला जाणे या दोन्ही गोष्टी सरकारला चालण्यासारख्या नव्हत्या, त्यामुळे संघाने माघार घेतली. ज्यांनी घाम गाळून ती फेरी गाठली त्या खेळाडूंचे मत कोणी विचारले असेल, असे मानण्याचे कारण नाही.

पुढे १९८६ मध्ये चषकविजेत्यांच्या स्पर्धेत त्यांनी बुखारेस्टच्या दिनामोला दोन्ही सामन्यांत हरवले. १९८९ साली बायर्न म्युनिककडून ते १-३ आणि ०-३ असे पराभूत झाले. हा ऐंशीच्या दशकातला संघ अर्बेन मिंगा, अगुस्तिन कोला आणि श्कल्चिम मुचा या त्रिकुटाचा. १९८२, १९८५, १९८८ आणि १९८९ ही चार विजेतेपदे त्याच काळातली.

शंकासुर

लेखातली माहिती उत्तम आहे, परंतु तिच्यामागचा सूर मला मान्य नाही. आपण या क्लबाला सत्तेपासून दूर राहिलेल्या सामान्य माणसांचा क्लब म्हणून उभे करीत आहात. एक तर त्याचे नावच राजवटीच्या विजयदिनाचे होते. दुसरे, ज्या कामगार संघटनांच्या छत्राखाली तो होता त्या संघटनाही पक्षाच्याच होत्या. कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजाच्या अल्बानियात पक्षाबाहेरचे काही शिल्लक नव्हतेच. तिसरे, मंत्रालय पाठीशी नसणे हा जर गौरव असेल, तर त्यावर एकट्या तिरानाचा हक्क नाही. श्कोदरच्या व्लाझनियाकडे कोणते खाते होते? त्यांनी १९७२, १९७४, १९७८ आणि १९८३ अशी विजेतेपदे मिळवलीच. व्लोराच्या फ्लामुर्तारीने तर १९८६ साली बार्सिलोनाशी १-१ आणि ०-० अशा दोन बरोबऱ्या केल्या, पुढच्याच वर्षी बेलग्रेडच्या पार्टिझानला स्पर्धेतून बाहेर काढले आणि नंतर घरच्या मैदानावर बार्सिलोनाला १-० असे हरवून दाखवले. युरोपातील त्या काळच्या कामगिरीचा विचार केला तर मी फ्लामुर्तारीचा धागा आधी काढला असता.

मधली_फळी

शंकासुर, फ्लामुर्तारीचा धागा आपण अवश्य काढावा. मी पहिला प्रतिसाद देईन.

सूराबद्दल मात्र एवढेच म्हणेन की मी या क्लबाला बंडखोर म्हटलेले नाही. त्या देशात बंडखोर क्लब असणे अशक्य होते. माझा मुद्दा साधनांचा आहे. व्लाझनिया सुमारे शंभर किलोमीटर दूर होता. त्याच्याकडे श्कोदर हे स्वतःचे शहर होते, तिथली मुले होती आणि त्या मुलांवर पहिला दावा त्याचाच होता. १७ नंतोरीला तेही सुख नव्हते. एकाच शहरातली, बहुधा एकाच गल्लीतली मुले तिघांना हवी असत, आणि तिघांपैकी दोघांकडे नेमणुकीचा अधिकार होता. अशा परिस्थितीत जो क्लब टिकला आणि मधूनमधून जिंकतही राहिला, त्याचा हिशेब निराळा मांडावा लागतो. नावाविषयी आपण म्हणता ते खरे आहे. त्या नावाबद्दल जुन्या पाठीराख्यांचे प्रेमही संमिश्र आहे : १९९१ साली ते बदलून पुन्हा ‘तिराना’ करण्यात आले तेव्हा फार कोणी हळहळले नाही, पण मिंगा-कोलाचा संघ म्हटला की आजही तोंडात ‘नंतोरी’च येते.

पुराणवस्तू

१९६७ चा उल्लेख कोणी केला नाही याचे आश्चर्य वाटले, कारण बिनमंत्रालयाचा असण्याची किंमत त्या वर्षी सर्वांत उघडपणे दिसली.

१७ नंतोरी सलग तिसऱ्या विजेतेपदाच्या वाटेवर होता. मोसम संपत आला असता पार्टिझानीशी सामना झाला आणि त्यात हाणामारी झाली. शहरातल्या या दोन क्लबांत तोवर वैर पुरते मुरलेले होते. वर बसलेल्यांनी निकाल दिला तो असा की दोन्ही संघांना स्पर्धेतून बाद करण्यात आले. कागदावर हा न्याय समान दिसतो. पण विजेतेपद गेले दिनामोकडे, म्हणजे गृहखात्याच्या क्लबाकडे. ज्याच्या हातून ते निसटले तो क्लब तक्रार करणार तरी कोणाकडे? तिरानाचे पाठीराखे हे विजेतेपद आजही आपले मानतात, आणि पुढच्याच मोसमात, १९६८ मध्ये, संघाने विजेतेपद परत मिळवले हे त्याचे प्रमाण म्हणून सांगतात. त्या १९६७ च्या डिसेंबरात अल्बानियाच्या राष्ट्रीय संघाने तिरानात पश्चिम जर्मनीला गोलशून्य बरोबरीत रोखले आणि जर्मनांना युरोपीय स्पर्धेच्या पुढच्या फेरीपासून वंचित ठेवले. देशाबाहेर १९६७ म्हटले की तो सामना आठवतात. तिरानाच्या जुन्या मोहल्ल्यांत त्या वर्षाची आठवण दुहेरी आहे.

बाल्कनप्रेमी

परंपरांविषयी थोडी भर घालतो.

क्लबाचे रंग निळा आणि पांढरा. पार्टिझानी लाल, दिनामो निळा. डर्बी, म्हणजे पारंपरिक प्रतिस्पर्ध्यांची लढत, अर्थातच तिराना विरुद्ध पार्टिझानी. दिनामोशी होणारे सामनेही शहराचेच, पण तिथे तितका जीव अडकलेला नसतो. याखेरीज व्लाझनियाशी होणाऱ्या सामन्याला ‘सर्वकालीन डर्बी’ म्हणतात, कारण देशातील हे दोन सर्वांत जुने मोठे क्लब आहेत : व्लाझनिया १९१९ चा, तिराना १९२० चा. त्यातही पालोक निका दोन्ही शहरांच्या फुटबॉलच्या मुळाशी आहे, त्यामुळे या वैराला भाऊबंदकीची एक छटा आहे.

आता मैदानाविषयी. तिरानाचे घरचे मैदान सेल्मान स्टर्मासी या नावाने ओळखले जाते. स्टर्मासी हा तीसच्या दशकातल्या विजेत्या संघाचा खेळाडू, नंतर प्रशिक्षक आणि अध्यक्षही. क्लब म्हणजे कोण असे त्या काळात विचारले असते तर लोकांनी त्याच्याकडे बोट दाखवले असते. १९७६ साली तो वारला. गंमत अशी की हे मैदान १९५६ साली बांधले गेले ते ‘दिनामो स्टेडियम’ म्हणून. १९९१ मध्ये राजवट कोसळली आणि पोलिसांच्या क्लबाचे नाव जाऊन त्या जागी शहराच्या क्लबाच्या माणसाचे नाव लागले. मोठे सामने चेमाल स्ताफा या राष्ट्रीय मैदानावर होत असत. ते मैदान २०१६ मध्ये पाडले गेले आणि त्याच जागी उभ्या राहिलेल्या नव्या मैदानाचे उद्घाटन फ्रान्सविरुद्धच्या सामन्याने झाले. त्या सामन्याची तारीख होती १७ नोव्हेंबर २०१९! आपल्या जुन्या नावाचीच तारीख निघाल्याने क्लबाच्या चाहत्यांनी त्यावर काय विनोद केले असतील याची कल्पना करावी.

संघटित पाठीराख्यांचा गट ‘तिरोना फॅनॅटिक्स’ या नावाने २००६ पासून आहे. शहराच्या नावाचा हा उच्चार जुन्या तिरानेकरांचा. १९९० नंतर डोंगरातून आणि खेड्यांतून लाखो माणसे राजधानीत आली व शहर ओळखू येईनासे झाले. त्या लोंढ्यात आपण मूळचे इथले हे सांगण्याचे एक साधन म्हणून हा क्लब आणि हा उच्चार वापरला जातो. मला यात अभिमान जितका दिसतो तितकाच थोडा आखडूपणाही दिसतो. पार्टिझानीच्या बाजूला ‘अल्ट्रास गुएरिल्स’ आहेत, आणि सैन्याचा क्लब असण्याचा जो शिक्का त्यांच्यावर आहे तो त्यांनी आता मिरवण्याची गोष्ट केली आहे.

मडगावकर

कम्युनिस्ट राजवट संपल्यावर तरी या क्लबाचे दिवस सरळ गेले असतील ना?

पुराणवस्तू

सुरुवातीला गेले, फारच चांगले गेले. सैन्य आणि पोलीस खाते यांचा आधार सुटताच पार्टिझानी आणि दिनामो दोघेही डळमळले. पार्टिझानीला तर १९९३ नंतरचे विजेतेपद मिळवायला २०१९ पर्यंत थांबावे लागले. या मोकळ्या झालेल्या जागेत १९९५ ते २००९ या काळात तिरानाने दहा वेळा बाजी मारली. त्यातले १९९७ चे विजेतेपद विचित्र परिस्थितीत आले. झटपट दामदुप्पट देणाऱ्या गुंतवणूक योजना बुडाल्या, लोकांनी शस्त्रागारे फोडली, देशात यादवी माजली आणि फुटबॉलचा मोसम मध्येच थांबला. नंतर तो आटोपता घेऊन पूर्ण करण्यात आला.

त्यानंतर घसरण लागली, आणि ती घसरण संपली २०१७ च्या मे महिन्यात. तो महिना जवळून पाहण्यासारखा आहे. १९३० पासून एकदाही वरचा गट न सोडलेला हा क्लब दहा संघांत नववा राहून दुसऱ्या गटात फेकला गेला. त्यानंतर काही दिवसांतच राष्ट्रीय चषकाचा अंतिम सामना होता आणि त्यात तिरानाच होता. समोर होता स्कंदरबेऊ, त्या दशकातला देशातील सर्वांत बलाढ्य संघ. जादा वेळेत तिरानाने तो सामना ३-१ असा जिंकला. त्यामुळे पुढच्या मोसमात दुसऱ्या गटातला एक संघ युरोपा लीगच्या पात्रता फेरीत मक्काबी तेल अवीवविरुद्ध उतरला आणि दोन्ही सामने हरला. देशांतर्गत सुपर कपमध्ये मात्र याच संघाने विजेत्या कुकेसीला १-० असे हरवले. एका वर्षात वर परतल्यावर २०२० साली, म्हणजे नेमक्या शताब्दीच्या वर्षी, पंचविसावे विजेतेपद मिळाले. प्रशिक्षक होता नायजेरियाचा एन्दुबुइसी एग्बो, जो पूर्वी याच क्लबाचा गोलरक्षक होता. युरोपातील एखाद्या देशाची सर्वोच्च साखळी जिंकणारा पहिला आफ्रिकी प्रशिक्षक म्हणून त्याचे नाव जगभर झाले. क्लबाने मात्र त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याला निरोप दिला. तिथल्या क्लबांना प्रशिक्षक बदलण्याची जी खोड आहे तिच्यापुढे शताब्दीचे विजेतेपदही टिकले नाही.

स्कंदरबेऊचे पुढे काय झाले हेही सांगायला हवे. सामने ठरवून खेळल्याच्या आरोपावरून २०१८ मध्ये युरोपीय फुटबॉल महासंघाने, म्हणजे युएफाने, त्या क्लबावर युरोपीय स्पर्धांतून दहा वर्षांची बंदी घातली.

शंकासुर

या माहितीने माझा मूळ आक्षेप उलट पक्का झाला. १९९१ नंतर तिराना क्लबाला महापालिकेचा आधार दीर्घकाळ मिळत राहिला, आणि मंत्रालय गेलेले प्रतिस्पर्धी त्याच वेळी उपाशी होते. म्हणजे १९५० च्या दशकात जे पारडे एका बाजूला झुकलेले होते ते १९९० च्या दशकात दुसऱ्या बाजूला झुकले. त्या दहा विजेतेपदांना आपण १९६५ च्या विजेतेपदाशेजारी बसवणार का?

मधली_फळी

नाही, बसवणार नाही; मूळ लेखाच्या शेवटी मी तेच म्हटले आहे. महापालिकेचा आधार आणि लष्करी नेमणुकीचा हुकूम यांत मात्र मला फरक दिसतो. पैसा कमी पडला तर खेळाडू दुसरीकडे जाऊ शकतो. हुकूम आल्यावर त्याला जावेच लागते.

कट्ट्यावरचा

एक छोटा प्रश्न. काही ठिकाणी या क्लबाची विजेतेपदे २६ दिलेली दिसतात आणि काही ठिकाणी २८. खरे काय?

बाल्कनप्रेमी

अधिकृत आकडा २६. शेवटचे २०२२ चे. २०२५ पर्यंतच्या हिशेबाने दिनामो १८ वर आणि पार्टिझानी १७ वर आहेत. २८ म्हणणारे १९३९ आणि १९४२ च्या स्पर्धा धरतात. एप्रिल १९३९ मध्ये इटलीने देश ताब्यात घेतल्यानंतर १९३९, १९४० आणि १९४२ अशा तीन स्पर्धा झाल्या. पैकी दोन तिरानाने जिंकल्या आणि १९४० ची श्कोदरने. १९४२ च्या स्पर्धेत तर तेव्हा अल्बानियाला जोडल्या गेलेल्या कोसोव्हातील संघही होते. परकीय सत्तेखाली भरवलेल्या म्हणून युद्धानंतरच्या राजवटीने या स्पर्धा यादीतून वगळल्या आणि त्या यादीबाहेरच राहिल्या. काही पाठीराखे वर १९६७ चेही मिळवून २९ म्हणतात. मी स्वतः २६ धरतो. १९६७ चा मोसम तिरानाने पूर्ण खेळलेला नाही, मग तो थांबवणाऱ्याचा हेतू काहीही असो.

पुराणवस्तू

न खेळलेला अंतिम सामना १९३० साली धरला जातो, हे आपल्या लक्षात आहे ना?

बाल्कनप्रेमी

आहे. तिथे समोरचा संघ आला नव्हता, इथे तिरानालाच येऊ दिले नाही. नियमाच्या दृष्टीने या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि तिरानाच्या कुठल्याही पाठीराख्याला हे पटवून देण्याच्या भानगडीत मी पडणार नाही.